शिवारात शहर येते तेव्हा : विकास आराखडा, आरक्षण आणि नगररचना योजना जमीनमालकाने कशी वाचावी

महाराष्ट्रात शेताचे शहर होते ते जमिनीवर यंत्रे येण्याच्या पुष्कळ आधी, नकाशावर आणि राजपत्रात. ज्या गटाला लागून २४ मीटरचा रस्ता दाखवला जातो त्याचा भाव पाहता पाहता वाढतो आणि ज्या गटावर उद्यानाचे आरक्षण पडते त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. दोन्हीकडे तोवर मुरमाची एक पाटीही पडलेली नसते. किंमत घडवण्याचा आणि बिघडवण्याचा हा अधिकार शासनाला मुख्यतः महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने मिळाला आहे. त्याच कायद्याने जमीनमालकालाही काही ठरावीक टप्प्यांवर बोलण्याची संधी दिली आहे. ती संधी कोणत्या दिवशी उघडते आणि कोणत्या दिवशी बंद होते हे बहुतेकांना उशिरा कळते. शहराच्या हद्दीलगत ज्यांची जमीन आहे, त्यांनी हे टप्पे कसे ओळखावेत आणि प्रत्येक टप्प्यावर काय करावे, याची माहिती येथे दिली आहे.

समोर शासनाचे कोणते रूप आहे ते आधी ओळखावे

शासन जमिनीच्या बाबतीत कधी फक्त नियम ठरवते, कधी जमीन संपादन करते, तर कधी स्वतःच विकसक होऊन भूखंड विकते. या तीन भूमिकांत मालकाचे हक्क वेगवेगळे असतात. त्यामुळे नोटीस हातात पडली की ती कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे हे प्रथम वाचावे. महानगरपालिका किंवा नगरपालिका आपल्या हद्दीसाठी विकास आराखडा करते. हद्दीबाहेरच्या गावांना सामान्यतः प्रादेशिक योजना लागू असते. काही ठिकाणी शासन कलम ४० खाली विशेष नियोजन प्राधिकरण नेमते किंवा कलम ११३ खाली नवनगर जाहीर करते. पुण्याभोवतीच्या गावांचे उदाहरण बोलके आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महानगरपालिकेत आली, तर त्यांच्या आजूबाजूची कितीतरी गावे २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात राहिली. एकाच रस्त्याच्या अलीकडे एक प्राधिकरण आणि पलीकडे दुसरे, असे चित्र तेथे दिसते. हरकत चुकीच्या कार्यालयात दिली, तर मुदत तेवढी निघून जाते.

आपली कागदपत्रे नकाशाआधी नीट करावीत

नियोजनाच्या प्रक्रियेत मालक म्हणून त्याचीच दखल घेतली जाते ज्याचे नाव अधिकार अभिलेखात आहे. वारसनोंदी रखडलेल्या असतील, वाटणी तोंडी असेल, किंवा सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि प्रत्यक्ष वहिवाट जुळत नसेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्यावे. सातबारा, आठ-अ, संबंधित फेरफार, गटाचा नकाशा आणि शक्यतो भूमी अभिलेख कार्यालयाकडून केलेल्या मोजणीची ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा) हाताशी ठेवावी. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरणावर अटी असलेली जमीन) असा शेरा असेल, तर हस्तांतरणाला किंवा वापर बदलायला पूर्वपरवानगी आणि नजराणा, म्हणजे शासनाला भरायची रक्कम, लागू शकतो. हा मुद्दा शेवटी उकरून काढला गेला की भरपाईची रक्कम वर्षानुवर्षे अडकून पडते. विहीर, बोअरवेल, फळझाडे, घर, गोठा यांच्या नोंदी पीकपाहणीत किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरी आहेत का, हेही आताच पाहावे, कारण नोंद नसलेल्या गोष्टीची भरपाई मागताना पुरावा देण्याची जबाबदारी मालकावर येते.

विभाग म्हणजे काय आणि बिगरशेतीचा प्रश्न

आराखड्यात प्रत्येक जमिनीला एक विभाग मिळतो: निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती, हरित आणि असे इतर. नगररचना कार्यालयातून गट क्रमांकाचा झोन दाखला आणि भाग नकाशा अधिकृतरीत्या मिळतो. मोबाइलवर फिरणाऱ्या रंगीत नकाशावर विसंबून विसार घेऊ अथवा देऊ नये. आराखडा जाहीर होण्याच्या सुमारास असे नकाशे फार फिरतात, आणि ते कोणाच्या सोयीचे आहेत हे त्यांच्याबरोबर येणाऱ्या एजंटाच्या घाईवरून सहसा कळते. याच काळात कोऱ्या किंवा अमर्याद मुखत्यारपत्रांवर सह्या घेतल्या जातात, त्यांपासून दूर राहावे.

निवासी विभागात आल्याबरोबर जमीन आपोआप बिगरशेती होत नाही, पण पूर्वीइतका त्रासही राहिलेला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम ४२-ब नुसार, अंतिम विकास आराखडा मंजूर असलेल्या क्षेत्रात आराखड्याशी सुसंगत वापरासाठी स्वतंत्र बिगरशेती परवानगीची गरज उरत नाही. रूपांतरण कर, आकारणी आणि लागू असल्यास नजराणा भरावा लागतो. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनींसाठी कलम ४२-ड मध्ये अशीच तरतूद आहे, मात्र प्रादेशिक योजनेत ती जमीन बिगरशेती वापरासाठी दाखवलेली असावी लागते. बांधकामाचे नियम राज्याच्या बहुतेक भागांत, मुंबईसारखे अपवाद वगळता, डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहेत.

विभागाच्या रंगाने काय घडू शकते याचे उदाहरण हडपसरच्या मगरपट्ट्यात आहे. तेथील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर सलग जमीन एकत्र ठेवून स्वतःच नगर वसवले आणि त्याच्या कंपनीत ते भागधारक राहिले. त्या जमिनी पुढे शहरीकरणात येणार हे नकाशावरून त्यांनी वेळेत ओळखले आणि तुकड्यातुकड्यांनी विकल्या नाहीत. हे सगळीकडे जमेल असे मुळीच नाही. सलग क्षेत्र, एकजूट आणि शासनाची मंजुरी या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात.

विकास आराखड्यावर हरकत कशी घ्यावी

आराखडा तयार करण्याचा इरादा कलम २३ खाली जाहीर होतो. त्यानंतर विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार केला जातो. बहुतेक लोक या नकाशाकडे ढुंकूनही पाहत नाहीत, आणि खरी गफलत तेथेच होते. तुमचे अधिकृत घर, शाळेची इमारत किंवा बारमाही बागायत त्या नकाशात ‘पडीक’ म्हणून आली, की पुढे त्या ‘रिकाम्या’ जागेवर आरक्षण टाकणे सोपे जाते. म्हणून इरादा जाहीर झाल्यावर आपल्या गटाची नोंद पाहावी आणि चूक आढळल्यास त्याच वेळी लेखी कळवावे.

प्रारूप आराखडा कलम २६ खाली प्रसिद्ध झाला की हरकती व सूचनांसाठी सामान्यतः ३० दिवस मिळतात. बृहन्मुंबई महानगरपालिकेसाठी ही मुदत ६० दिवसांची आहे. सूचनेत छापलेली तारीख प्रमाण मानावी आणि शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये. आराखड्याचा नकाशा, आरक्षणांची यादी, अहवाल आणि विकास नियंत्रण नियम असे चार भाग असतात, ते सगळे पाहावेत. केवळ नकाशा पाहणाऱ्याला आपल्या गटावरील आरक्षणाचा क्रमांक दिसतो, पण ते आरक्षण कोणत्या लोकसंख्येच्या गृहीतकावरून आले हे अहवालातच असते.

हरकतीचा मजकूर नियोजनाच्या भाषेत असावा. ‘ही आमची वडिलोपार्जित जमीन आहे’ किंवा ‘आम्ही अल्पभूधारक आहोत’ हे खरे असले, तरी एवढ्यावर समितीला आरक्षण हलवता येत नाही, कारण समितीने निर्णयाचे नियोजनविषयक कारण लिहायचे असते. तिला ते कारण तुम्हीच पुरवावे. रस्त्याची आखणी परवानगी घेतलेल्या बांधकामावरून जाते. खेळाच्या मैदानाला पोहोचरस्ताच नाही. एकाच खातेदाराच्या गटावर तीन आरक्षणे पडली असून शेजारी शासकीय जमीन मोकळी आहे. त्याच वस्तीसाठी अर्ध्या किलोमीटरवर दुसरे उद्यान आधीच दाखवलेले आहे. नाल्याचा प्रवाह नकाशात चुकीच्या बाजूने दाखवला आहे. असे मुद्दे टिकतात. त्यांच्यासोबत पर्याय द्यावा: रस्ता कोणत्या बांधावरून वळवता येईल, आरक्षण कोणत्या दिशेला सरकवता येईल, याचे साधे रेखाटन जोडावे. हरकतीवर गट व हिस्सा क्रमांक, प्रारूप नकाशातील पत्रक आणि आरक्षणाचा क्रमांक लिहावा, ‘क’ प्रत जोडावी आणि कार्यालयाचा शिक्का असलेली पोच घ्यावी. गावाने एकत्र दिलेले निवेदन वजन वाढवते, परंतु त्याच्या भरवशावर वैयक्तिक हरकत टाळू नये, कारण सुनावणीची नोटीस हरकतदारालाच मिळते.

सुनावणी कलम २८ खालील नियोजन समितीपुढे होते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले कमाल चार तज्ज्ञ असतात. वाट्याला येतात जेमतेम काही मिनिटे, त्यामुळे तीनच मुद्दे बोलावेत आणि बाकीचे लेखी द्यावेत. त्यानंतर आराखडा शासनाकडे जातो व कलम ३१ खाली मंजूर होतो. शासनाला काही मूलभूत बदल करायचे असतील, तर तो भाग वगळून त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. याचा अर्थ असा की प्रारूपात तुमची जमीन मोकळी होती म्हणून निर्धास्त राहू नये. समितीच्या अहवालानंतरचा, शासनाला सादर झालेला आणि शेवटी मंजूर झालेला असे तिन्ही नकाशे पाहावेत.

आरक्षण पडले आणि कोणी फिरकले नाही, तर

हा प्रश्न राज्यातील प्रत्येक शहरात आहे. आरक्षित जमीन मिळवण्याचे तीन मार्ग कलम १२६ मध्ये दिले आहेत: तडजोडीने मोबदला देऊन, चटईक्षेत्र (बांधता येणारे एकूण क्षेत्र) अथवा हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजेच टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन, किंवा रीतसर संपादन करून. तिजोरीत पैसे नसले की महापालिका दुसऱ्या मार्गाचा आग्रह धरते. टीडीआर स्वीकारण्यापूर्वी शहरात त्याला सध्या काय दर मिळतो आणि तो घेणारे विकसक आहेत का, हे पाहावे. मोठ्या शहरात तो चालतो. लहान नगरपालिकेत विकास हक्क प्रमाणपत्र कपाटात पडून राहण्याचा धोका असतो.

अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालकाला कलम १२७ खाली नोटीस देता येते. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत झाल्याचे मानले जाते आणि लगतच्या जमिनीला जो वापर अनुज्ञेय आहे तो या जमिनीलाही मिळतो. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिने होती, नंतर बारा आणि २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस झाली. मालकाची प्रतीक्षा वाढवण्यात विधिमंडळाने कसूर केलेली नाही, असे म्हणणे भाग आहे. पावले म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले की नुसता ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र पुरेसे नाही. प्रत्यक्ष संपादनाकडे नेणारी कृती हवी. नोटीस देताना मालकीहक्काची सर्व कागदपत्रे जोडावीत, कारण ती अपुरी असल्याच्या सबबीवर नोटीस फेटाळली जाते. आराखड्याच्या फेरतपासणीची प्रक्रिया सुरू होण्याची चिन्हे दिसत असतील, तर नोटीस त्याआधी द्यावी.

नगररचना योजना : जमीन जाते किती, परत मिळते किती

आरक्षणात एकाची जमीन जाते आणि शेजाऱ्याचा भाव वाढतो. नगररचना योजनेची कल्पना हा अन्याय टाळण्यासाठीच निघाली. त्या क्षेत्रातील सगळ्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते, उद्याने व सुविधांसाठी प्रत्येकाकडून हिस्सा घ्यायचा आणि उरलेल्या क्षेत्राचे आखीव भूखंड करून मूळ मालकांना परत द्यायचे. मुंबई इलाख्यात यासाठी १९१५ मध्ये कायदा झाला. त्याआधी १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने दादर-माटुंगा भागात संपादनाच्या मार्गाने वसाहती आखल्या होत्या. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले येथे आणि पुण्यात शिवाजीनगर परिसरात जुन्या नगररचना योजना झाल्या. पुण्यातील त्या भागांच्या पत्त्यांत आजही ‘एफ. पी. नंबर’ म्हणजे अंतिम भूखंड क्रमांक लिहिला जातो. नंतर महाराष्ट्राने ही पद्धत जवळपास सोडली आणि गुजरातने ती अहमदाबादेत चिकाटीने चालवली. अलीकडे मात्र नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना या नियोजित क्षेत्रात आणि पुण्याजवळ म्हाळुंगे-माण येथे ती पुन्हा वापरात आली आहे.

अशी योजना जाहीर झाल्यास तीन आकडे विचारावेत: परत मिळणारे क्षेत्र, त्यावरील चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) आणि भरावा लागणारा पैसा. नैनामध्ये मूळ क्षेत्राच्या ४० टक्के जमीन अंतिम भूखंड म्हणून मिळते व त्यावर २.५ निर्देशांक दिला जातो. म्हणजे एक एकर अर्थात ४० गुंठे देणाऱ्यास १६ गुंठे मिळतात आणि १६ गुणिले २.५ म्हणजे पुन्हा ४० गुंठ्यांइतके बांधकाम. कागदावर हिशेब बरोबर जुळतो. परंतु एवढे बांधकाम त्या भूखंडावर प्रत्यक्षात उभे राहू शकेल का, हे समोरच्या रस्त्याची रुंदी, सामासिक अंतरे (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) आणि भूखंडाचा आकार यांवर ठरते. ज्याला दोन-तीन गुंठ्यांचा भूखंड मिळतो, त्याला पूर्ण निर्देशांक वापरणे जड जाते. नैनातील शेतकऱ्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे केलेल्या विरोधात ६० टक्के जमीन जाण्याचा मुद्दा अग्रभागी आहे, पण लहान खातेदारांनी या दुसऱ्या मुद्द्यावर अधिक भर द्यायला हवा, असे मला वाटते. असे दोन-तीन शेजारी खातेदार एकत्रित भूखंड मागू शकतात, आणि ती मागणी लवकर केली तर तिचा विचार होतो.

पैशाचा हिशेब पुनर्वाटप व मूल्यांकनाच्या तक्त्यात असतो आणि तो पाहून भलेभले गोंधळतात. समजा, मूळ ४० गुंठ्यांचे मूल्य योजना जाहीर झाल्याच्या तारखेला ८० लाख रुपये धरले. मिळालेल्या १६ गुंठ्यांचे अविकसित स्थितीतील मूल्य ४० लाख धरले, तर फरकाचे ४० लाख ही तुमची भरपाई. आता रस्ते, पाणी, गटारे झाल्यावर त्याच १६ गुंठ्यांचे मूल्य १ कोटी २० लाख होईल असे धरले, तर वाढ ८० लाखांची आणि तिचा निम्मा भाग, म्हणजे ४० लाख, हे तुमचे अंशदान. येणे आणि देणे फिटले. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण त्यावरून लक्षात येईल की वादाचा खरा मुद्दा मूळ मूल्य कोणत्या दराने धरले हा असतो. ते कमी धरले तर भरपाई घटते आणि मालकाच्या नावे वसुली निघू शकते. म्हणून त्या तारखेच्या सुमारास आसपास झालेल्या नोंदणीकृत खरेदीखतांच्या प्रती दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळवून ठेवाव्यात.

वेळापत्रक असे चालते. इरादा जाहीर झाल्यावर जमीनमालकांची सभा बोलावली जाते व तात्पुरती मांडणी समजावून सांगितली जाते. भूखंड कोठे हवा, घर आहे तेथेच ठेवावे, भावाभावांचे भूखंड वेगळे करावेत की एकत्र, हे सांगण्याची सर्वांत चांगली वेळ हीच असते. मग प्रारूप योजनेवर ३० दिवसांत हरकती घेता येतात. प्रारूप मंजूर झाल्यावर शासन लवाद नेमते. लवाद प्रत्येक मालकाला नोटीस देऊन ऐकतो, अंतिम भूखंड आखतो आणि मूल्ये ठरवतो. त्याच्या निर्णयावर न्यायाधिकरणाकडे अपील करता येते ते प्रामुख्याने पैशांशी संबंधित बाबींवर. भूखंडाच्या जागेचा वाद तोवर लवादापुढेच संपवावा लागतो. अंतिम योजना मंजूर झाली की जुने गट क्रमांक मागे पडतात आणि अंतिम भूखंड हीच तुमची मिळकत ठरते. इरादा जाहीर झाल्यापासून योजना क्षेत्रात परवानगीशिवाय बांधकाम करू नये. त्या बांधकामाची भरपाई मिळत नाही.

संपूर्ण संपादन आणि परताव्याची टक्केवारी

शासन स्वतः विकसक झाले म्हणजे काय होते याचा सर्वांत मोठा धडा नवी मुंबईत आहे. १९७० मध्ये सिडको या शासकीय नगरविकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे-रायगड पट्ट्यातील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले. मोबदल्याविरुद्धच्या असंतोषातून जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान परिसरात आंदोलन झाले व पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्यानंतर संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांसाठी २०१४ मध्ये हे प्रमाण साडेबावीस टक्के झाले.

साडेबारा टक्क्यांतूनही सामाजिक सुविधांसाठी ३.७५ टक्के वजा होतात आणि मालकाच्या हाती ८.७५ टक्के येतात. म्हणून कोठेही परताव्याची टक्केवारी सांगितली गेली की ती वजावटीपूर्वीची की नंतरची, भूखंड भाडेपट्ट्याने की मालकीने, त्यावर निर्देशांक किती, आणि ताबा किती मुदतीत मिळणार, हे लेखी विचारावे. सभेत तोंडी दिलेले आश्वासन करारनाम्यात नसेल, तर ते दिले गेलेच नाही असे समजून चालावे.

२०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यात बाजारमूल्यावर १०० टक्के दिलासा रक्कम (भरपाईवर मिळणारी जास्तीची रक्कम) आणि ग्रामीण भागासाठी बाजारमूल्य वाढवणारा गुणक आहे. प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांत हरकत घेता येते. निवाड्याची रक्कम अपुरी वाटत असेल, तर ती ‘हरकत राखून’ असे लिहूनच स्वीकारावी. तसे न लिहिता पैसे घेतल्यास कलम ६४ खाली वाढीव भरपाई मागण्याचा मार्ग बंद होतो. निवाड्याच्या वेळी मालक किंवा त्याचा प्रतिनिधी हजर असल्यास त्या अर्जासाठी निवाड्यापासून अवघे सहा आठवडे मिळतात, हे विसरू नये.

ताबा देण्यापूर्वी संयुक्त मोजणी होते. त्या दिवशी स्वतः हजर राहावे, प्रत्येक झाड, पाइपलाइन आणि बांधकाम मोजणीपत्रकात आले आहे ना ते पाहावे, मतभेद असेल तर पत्रकावरच लिहून सही करावी आणि कोऱ्या पंचनाम्यावर सही देऊ नये. गटाचा काही भागच जात असेल, तर उरलेल्या तुकड्याला रस्ता राहतो का आणि विहिरीचे पाणी त्या बाजूला नेता येईल का, हे त्याच वेळी नोंदवून घ्यावे आणि मोजणी नकाशाची प्रत मिळाल्याखेरीज ताबा पावतीवर सही करू नये.